अवसेच्या चिंबोऱ्या

माहीम (पालघर), २७ जुलै, रविवार

सुजीत,

वर आधी ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, मग खोडलं. तीन वर्षांत तू मला एकदाही ‘ताय’ म्हणून हाक मारलेली नाहीस. आशीर्वाद फुकट का घालवा? फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

भांडायला लिहीत नाहीये. रंभाआत्या पालघरला दवाखान्यात आहे. गुरुवारी, अवसेच्या दुपारी, ती वाडीमागच्या खाडीत उतरली आणि वीसेक मिनिटांत ओरडत बाहेर आली. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजलेत. उजव्या पोटरीची कातडी मोजा उतरवावा तशी उतरली. पाण्याला वाफ नव्हती, काही नव्हतं, रंग तेवढा कोऱ्या चहासारखा होता म्हणे. डॉक्टर विचारतात, पाण्यात काय होतं? आत्या सांगते, “कसलं पानी? चुलीवरचं आधन सांडलं.” चूल मोडून गॅस घेतल्याला बारा वर्षं झाली. हवालदार आला, त्यालाही तिने तेच आधन वाढलं. त्याने लगेच लिहून घेतलं. बिचाऱ्याची त्यात सोयच होती.

तो गेल्यावर मी तिच्या कानाशी लागले. “खोटं का बोलतेस गो?”

“तू गप रव. आपला पोर हाय तिथं.”

तर आपल्या पोरा, तिला ठाऊक आहे आणि मलाही. तुमच्या कंपनीत इंजिनीअर ढीगभर, पण टाकीतलं सांडपाणी खाडीत कधी सोडायचं हे सांगायला दर्यावर वाढलेला मांगेल्याचा पोर लागतो. आई गेल्यावर ज्या आत्याने आपल्याला वाढवलं, तिनेच तुला बोटांवर शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अवस म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला खाडी तुडुंब, बारापासून पाणी ओढायला लागतं, आणि अवसेची ओढ अशी की दिवेलागणीच्या आत खाडीतलं सगळं दर्यात. बाराला झडप उघडायची, सहाला खाडी धुतलेल्या ताटासारखी. असंच ना?

अवसेला आपल्या वाडीतलं कुणीही खाडीत पाय घालत नाही. म्हातारी त्याच दिवशी का उतरली, देव जाणे.

मला एकच हवंय. पाण्यात काय होतं ते कळव. नाव नको, सही नको. डॉक्टर अंधारात मलम लावतायत.

चंद्रकांता


१ ऑगस्ट, शुक्रवार

सुजीत,

स्वतः न येता बायकोला पाठवलंस. हिना डबा घेऊन आली होती. मुगाची खिचडी, आणि झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी. दोन रसायनांची नावं, डाव्या हाताने लिहिलेली. अरे, तू उजव्या हाताने लिहिलेलं तरी कुणाला वाचता येत होतं, की एवढा बंदोबस्त केलास?

पण पोचली. डॉक्टरांनी मलम बदललं, ताप उतरला. “कुणी दिली ही माहिती?” म्हणाले. मी म्हटलं, “नाव सांगायला तयार नसलेल्या एका सज्जनाने.” त्यावर ते म्हणाले, “सज्जनाला सांगा, चार दिवस आधी बोलला असता तर बोटं वाचली असती.” डाव्या पायाची दोन बोटं काढली, सुजीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं. हे तुला दुखावं म्हणून लिहीत नाहीये असं लिहिणार होते, पण तेवढं खोटं मला जमत नाही.

काल तुमच्या कंपनीचा माणूस आला होता, टाय लावून, सफरचंदांची परडी घेऊन. परडीवर चमचमता कागद. “माताजी, कुछ भी चाहिए तो बोलिए.”

आत्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “पाय दे माजा.”

तो माझ्याकडे वळला. “क्या बोल रही हैं?”

मी म्हटलं, “सफरचंद आवडलं म्हणतेय.”

जाताना त्याने मला ऐकवलं की तेरा तारखेला पालघरला चौकशी आहे, कंपनी पूर्ण सहकार्य करणार आहे, आणि चोवीस जुलैला टाकीतून एक थेंबही बाहेर गेलेला नाही असं टाकीवरचा जबाबदार कर्मचारी सहीनिशी लिहून देणार आहे. जबाबदार कर्मचारी! बाबा असते तर पेढे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी, चौदाला, माझं भाषण आहे. हुतात्मा दिन. सकाळी चौकात फुलं, दुपारी तीनला आमच्या मंडळाच्या सभागृहात मी. विषय मंडळाने दिलाय: इंग्रज का गेले? चिटणीस भाग्येश म्हणाला, “मॅडम, कारणं तीनच द्या. चौथ्याला वडे थंड होतात.” नववीच्या वर्गात विचारून पाहिलं. एक म्हणाला, कंटाळले. एकीने लिहिलं, उकाडा सहन होईना. एका पोराने विचारलं, “बाई, खरंच गेले का?” त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

तू तेराला ती सही करणार आहेस का?

चंद्रकांता


५ ऑगस्ट, मंगळवार

सुजीत,

उत्तर नाही. ठीक. कालचा एक प्रसंग मात्र सांगते. दुपारी दवाखान्यात पोचले तर आत्याच्या उशाशी ओली छत्री होती आणि तू नव्हतास. वॉर्डातल्या बाईने सांगितलं, एक माणूस आला, म्हातारीच्या पायांपाशी बसला, माझी चाहूल लागताच मागच्या जिन्याने उतरला. आत्याला विचारलं तर म्हणते, “कोन नाय आलता.” मग छत्री काय एकटी चालत आली?

चल, मीही एक कबूल करते. तीन वर्षांपूर्वी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात तो ‘भरतीवाला’ नावाचा लेख आला, ज्यात बापजाद्यांचा दर्या कंपनीला तासावर भाड्याने देणारा एक गृहस्थ होता. तुला मी शपथेवर सांगितलं होतं की पात्र काल्पनिक आहे. नव्हतं. भावाचा मेहुणा केला आणि बोईसरचं शिरगाव केलं की कुणाला कळणार नाही, असं मला वाटलं. बोईसरला तुझ्या वैष्णवीच्या वर्गात कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि पोरगी रडत घरी आली, हे मला उशिरा कळलं. लेखाची तारीफ मला त्याआधीच कळली होती, आणि मी ती मिटक्या मारत ऐकली.

आता भाषणाचं. चार दिवस पुस्तकं काढून बसलेय. कारणं तीन नाहीत, तेरा आहेत. महायुद्धाने विलायतेचं कंबरडं मोडलं. आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटले भरले आणि सारा देश पेटला. बेचाळीसला ‘चले जाव’ झालं, आणि आपल्या पालघरचे पाच जण त्याच चौदा ऑगस्टला कचेरीवर मोर्चा नेताना पडले. सगळं खरं. पण मला राहून राहून दुसराच प्रश्न पडतो. आपली आजी सांगायची की तिने जन्मात एकच गोरा पाहिला, तोही उन्हाने लालबुंद झालेला. तिला वाटलं देवी आल्यात. मग आपल्या वाडीवर राज्य करत कोण होतं? पट्टी मागायला येणारा आपला, दवंडी पिटणारा आपला, बेड्या ठोकणारा आपला. साहेबाकडे फक्त हुकूम होता. हात आपले होते. चौदा ऑगस्टला हुकूम कुणाचा होता ते आपण मुलांकडून पाठ करून घेतो. चापावरची बोटं कुणाची होती, ते कुणी विचारत नाही.

आणि मग शेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईला त्याच हातांनी ऐकेनासं केलं. गोऱ्यांच्या आरमारावरचे आपले खलाशी, जेवण खाण्यालायक नाही म्हणून ताटावरून उठले, आणि उठले ते उठलेच; दोन दिवसांत जहाजांवरून साहेबाचे झेंडे उतरले. साहेब हुशार. त्याला कळलं की बंदुका आपल्या आहेत, पण चाप ओढणारं बोट आता आपलं राहिलेलं नाही. असं एकदा कळलं की माणूस सामान बांधायला लागतो. एवढ्या एका कारणाने गेला असं मी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी गेला त्या दिवशी थांबवायला हात उरले नव्हते, एवढं नक्की.

तू म्हणशील, ताय, भाषण चौदाला दे, मला कशाला? बरोबर. म्हणून पुढचंही सांगते, जे व्यासपीठावरून सांगत नाहीत. त्या खलाशांना नंतर नोकरीवरून काढलं, आणि स्वराज्य आल्यावर आपल्यांनीही परत घेतलं नाही. तुझंही तेच होईल. खरं बोललास तर नोकरी जाईल, कुंभवलीचं घर कंपनीचं आहे ते जाईल, आणि झडप तुझ्या हाताने उघडली म्हणून पहिला आत जाणारा तूच. साहेब सफरचंदं वाटत बाहेर राहतील. हे मला ठाऊक आहे. तरी विचारतेय.

चंद्रकांता


९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पुनव

सुजीत,

वाडीत जाऊन आले. दर्याला नारळ दिला. दरवर्षी पुढे आत्या असते, आज तिच्या जागी वहिनी-काकवा एकमेकींना पुढे ढकलत होत्या. लाडकीकाकी मला म्हणाली, “मेल्या माशांचा वास बघ गो. अवसेपासून हायच.” मी सहज विचारलं, “पुनवेला येतो का असा?” तर सगळ्याजणी विचारात पडल्या. “नाय,” काकी म्हणाली. “पुनवेला कंदीच नाय. अवसेलाच.”

घरी येताना मी बोटांवर मोजलं. पुनवेची ओढ अवसेइतकीच. पाऊणपट तीच, सव्वाअकरा. महिन्यातून दोनदा सोडता आलं असतं, तू एकदाच सोडतोस. कंपनीला काय सांगितलंस कोण जाणे. पंचांगाची भीती घातली असशील. पण तू अवसच धरलीस, कारण अवसेला खाडी पाण्याची, माणसाची नव्हे, आणि आपल्या वाडीतली एकही बाई त्या दिवशी उतरत नाही. इतकी वर्षं तू विष सोडत होतास, आणि बायकांचे पाय वाचवून सोडत होतास. ‘भरतीवाला’ लिहिताना हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी लिहिलं नसतं, विनोद बिघडला असता.

आता ऐक. पहिल्या पत्रात मी लिहिलं, म्हातारी का उतरली देव जाणे. देवाला मधे घ्यायचं कारण नव्हतं. मी जाणते.

त्या दिवशी गटारी होती. शाळेतल्या चौघीजणी माझ्याकडे जेवायला येणार होत्या. गुरुवार पाळणारी एक होती, तिला मी म्हटलं, चिंबोरीला वार नसतो. मला मिरवायचं होतं. अवसेच्या चिंबोऱ्या कशा भरलेल्या असतात, ते बाजारातलं मिळमिळीत खाणाऱ्यांना दाखवायचं होतं. आदल्या दिवशी पकडून ठेवतात, पण बुधवारी पाऊस धो धो. म्हणून मी सपनाच्या मोबाइलवर, आपल्या शेजारच्या सपनाच्या, आवाज पाठवला: “आत्याला सांग, उद्या का होईना, पण बारा तरी हव्यातच. चंदूची लाज राख म्हणावं.”

तिने राखली. चिमटा आणि टोपली घेऊन तीन वाजता उतरली. सपना म्हणाली, “आवस हाय गो आत्या,” तर हिचं उत्तर, “चंदू कंदी मागते का काय?”

तो आवाज अजून माझ्या फोनमध्ये आहे. रोज वाटतं पुसून टाकावा. सपनाने तिच्याकडचा पुसलाय, घाबरलीय बिचारी.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण सही करायची की नाही ते ठरवताना तू स्वतःला एकट्याला गुन्हेगार धरू नयेस. आणि खरं सांगायचं तर, मला एकटीला हे धरवत नाही.

ताय


१३ ऑगस्ट, बुधवार

सुजीत,

आज मी मागच्या रांगेत होते. तू पाहिलंस.

कंपनीच्या वकिलाने कागद तुझ्यापुढे सरकवला, पेनाचं टोपणही काढून दिलं, केवढी सेवा. तू कागद वाचलास, पुन्हा वाचलास, आणि उलटा करून ठेवलास. अधिकारी म्हणाले, “चोवीस जुलैला पाणी सोडलं का? हो की नाही?” तू म्हणालास, “अवस होती साहेब.” त्यांना कळेना. मग तू उभा राहून तिथीची पाऊणपट सांगायला लागलास, बोटांवर, आत्या सांगायची तशी. सव्वाअकराला भरती, बाराला झडप, झडप मी उघडली, हुकूम तोंडी होता, दर अवसेला असतो. टाय लावलेला माणूस फोन घेऊन बाहेर पळाला. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, “कोण हो हा?” मी म्हटलं, “माझा भाऊ.” तीन वर्षांत पहिल्यांदा.

पण वकील काही वडे खायला आलेला नव्हता. त्याने शांतपणे विचारलं, “तुमच्याच सांगण्याप्रमाणे अमावास्येला तुमच्या वाडीतलं कोणी खाडीत उतरत नाही?”

“नाय उतरत.”

“मग ही बाई कशी उतरली? त्यांच्या स्वतःच्या जबाबात चुलीवरचं पाणी आहे. साहेब, बाई घरात भाजल्या. कर्मचाऱ्याचं कंपनीशी वैर आहे, एवढंच.”

अधिकाऱ्यांनी तुला विचारलं, “त्या का उतरल्या, सांगू शकता?”

तू मागे वळून पाहिलंस. सरळ माझ्याकडे. माझं पत्र तुझ्या खिशात असणार, मला माहीत आहे. आणि तू म्हणालास, “मला नाय माहीत साहेब.”

तुझ्या साऱ्या जबानीत तेवढं एक खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. आणि मी, जिच्या जिभेला तालुका घाबरतो, ती पर्सचा बंद कुरतडत बसून राहिले. उभी राहिले नाही. उठले असते तर काय झालं असतं? हसले असते. ‘चिंबोऱ्यांपायी म्हातारीचे पाय घालवले’ म्हणाले असते. शाळेत, मंडळात, साप्ताहिकात. दुसऱ्यांवर लिहिलेली सगळी वाक्यं माझ्या पत्त्यावर परत आली असती.

उद्या दुपारी तीनला पुढची सुनावणी. उद्या दुपारी तीनला माझं भाषण.

रात्री झोप येईल असं वाटत नाही, पण तो काही मोठा त्याग नव्हे.

ताय


१४ ऑगस्ट, गुरुवार, दुपारचे पावणेतीन

सुजीत,

हा वेडेपणा आहे, कळतंय मला. तू समोरच्या बाकावर बसला आहेस, मधे आठ पावलं, आणि मी वहीचं पान फाडून तुला पत्र लिहितेय. पण तोंडाने सुरुवात केली की मी टोमणा मारते, आणि आज नको.

सकाळी दवाखान्यात गेले होते. आत्याला सांगितलं, मी आज आत जाऊन चिंबोऱ्यांचं सांगणार आहे, आणि तुझं आधन खोटं पडणार आहे. तिने हात पुढे केला. मग म्हणाली, “माजा आंगठा घे. आधन नव्हतं, लिव तिथं.” मी लिहिलं, तिने अंगठा उठवला, डॉक्टरांनी सही केली. कागद माझ्या पर्समध्ये आहे. मी निघाले तर मागून ओरडली, “बारा मागितलेल्यास गो! तिनच मिलालेल्या!” वॉर्डभर हशा.

भाग्येशचा फोन आत्ताच आला. “मॅडम, सभागृह भरलंय. तुम्ही कुठे?” मी म्हटलं, चौकशीच्या कचेरीत, जबाब द्यायला. “आणि भाषण? इंग्रज का गेले त्याचं काय सांगू लोकांना?” मी म्हटलं, “लोक पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत, सगळ्यांना इकडेच घेऊन ये.” येईल असं नाही. वडे गरम असतील.

भाषणाचे कागद पर्समध्येच आहेत. वीस पानं, हातांबद्दल. इतरांच्या. सदर लिहिणारा हात कधी कशाला लागतच नाही, असं मी वीस वर्षं धरून चालले होते.

फोनमधला आवाज पुसलेला नाही. आत ऐकवेन. माझाच आवाज आहे, लाडात आलेला, ‘चंदूची लाज राख म्हणावं.’ वकील हसेल. हसू दे. तू आत जाशील की सुटशील ते मला माहीत नाही, आणि माझ्या बोलण्याने तुझा गुन्हा हलका होणार नाही हेही कळतं. पण तू काल खोटा ठरलास, तो आज ठरणार नाहीस.

वैष्णवी कॉलेज बुडवून तुझ्याशेजारी बसली आहे. हे पान तिच्या हाती देते. तिने लेखाबद्दल मला माफ केलं आहे का, ते विचारायचं धाडस नाही. तू विचार कधीतरी.

पान दिलं होतं, परत मागून घेतलं. दोन ओळी राहिल्या. तू वाचलंस, वर पाहिलं नाहीस, पण बाकावर सरकलास. वैष्णवीला पलीकडे ढकलून मधे जागा केलीस.

शिपायाने माझं नाव पुकारलं. आधी आत जाऊन येते. मग बसते.

ताय